बाहेरचं काही चालू आहे का?

"आज ऑपरेशन होणार नाही," सिस्टर म्हणाली आणि वन्संच्या बोटाला कापूस लावून ती पुढच्या कॉटकडे वळलीसुद्धा.

माझ्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट आणि खांद्यावर आठ दिवसांच्या कपड्यांची पिशवी होती. मी तशीच उभी राहिले.

"होणार नाही म्हणजे?"

"साखर तीनशे बारा आहे. उपाशीपोटी. साहेब हात लावणार नाहीत."

"अहो, मागच्या महिन्यात पण हेच सांगून परत पाठवलंत! शाळेत दुसऱ्यांदा रजा टाकून आलेय मी."

"मग साखर कमी करून आणायची ना, बाई," ती म्हणाली. जणू साखर म्हणजे माझ्या वर्गातलं पोर होतं आणि मी त्याला गृहपाठ न करता पाठवलं होतं.

वन्सं एका कुशीवर पडून होत्या. ऑपरेशनचा हिरवा झगा घालून. त्या म्हणाल्या, "विजया, ती पिशवी आधी खाली ठेव. खांदा दुखेल."

वन्सं म्हणजे माझी नणंद, महानंदा शेटे. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, शिकवलं, त्यांना तासगावात शेतीऔषधांचं दुकान टाकून दिलं आणि माझं लग्न ठरवतानाही मुलगी बघायला त्याच आल्या होत्या. एक्स्चेंजमध्ये त्या उंच स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसायच्या म्हणे. निवृत्त झाल्यावर तीच पाठ गेली. दीड वर्षापूर्वी कमरेच्या दोन मणक्यांत चार स्क्रू आणि दोन सळ्या घालून झाल्या होत्या. थोडे महिने बरे गेले, मग दुखणं परत आलं आणि उजव्या पायात उतरलं. स्क्रू हाडात हलायला लागले होते. आता ते काढून नवे घालायचे होते, म्हणून आम्ही मिरजेला डॉक्टर निटव्यांकडे आलो होतो. ही दोन हजार बाराची गोष्ट. मार्च महिना होता.

डॉक्टर निटवे राउंडला आले. किडकिडीत, हळू बोलणारे गृहस्थ. मी भांडायच्या तयारीनेच उभी होते.

"डॉक्टर, दुखतंय कंबरेत. साखर रक्तात आहे. कंबरेचं काय ते करून टाका, साखरेचं आम्ही घरी बघतो."

ते हसले नाहीत. "ताई, पहिल्यांदा उघडलेली पाठ आणि दुसऱ्यांदा उघडायची पाठ एकसारखी नसते. आत सगळं चिकटलेलं असतं. वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जातं. त्यात साखर अशी असली तर जखम पिकते. हाडांची तपासणी पाहिली तुम्ही? हाडं खडूसारखी झालीयत. पहिले स्क्रू सुटले, मी नवे घालेन, तेही सुटतील. नुसता मणका माझ्या टेबलावर येत नाही हो. साखर, हाडं, हृदय, सगळं बरोबर घेऊन येतो."

मग त्यांनी वन्संना उजव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. वन्संनी कपाळावर आठ्या आणल्या, ओठ दाबले. अंगठा जेमतेम हलला.

"मागच्या वेळी यापेक्षा वर येत होता," डॉक्टर म्हणाले. "नस दबतेय. फार वाट बघता येणार नाही आणि अशा साखरेवर करताही येणार नाही. गोळ्या दुप्पट केल्या तरी साखर चढतेच आहे, हे मला कळत नाही. बाहेरचं काही चालू आहे का? दुसरं कुठलं औषध?"

"काही नाही," मी म्हणाले.

वन्सं खिडकीकडे बघत होत्या.

"मग खाण्यातच काहीतरी असणार," डॉक्टर म्हणाले आणि मी मान डोलावली. कारण मला नेमकं तेच वाटत होतं.

---

घरी आल्यावर मी कारभार हातात घेतला. चौथीच्या पंचेचाळीस पोरांना मी सरळ करत होते, एका साठीच्या बाईचं काय मोठंसं. गुळाचा डबा कुलपात गेला. भात बंद. वन्संची भाकरी मी स्वतः थापायची, तळहाताएवढी. चहा कोरा. साखर मोजायचं यंत्र आणलं, भिंतीवर कागद चिकटवला आणि रोज सकाळी आकडा लिहायला लागले. दोनशे साठ. दोनशे नव्वद. दोनशे पंच्याहत्तर. कागद बघितला की माझं डोकं फिरायचं. आपण उन्हातान्हात राबून शेत पेरावं आणि उगवावं नुसतं तण, तसं.

"वन्सं, काल काय खाल्लंत?"

"तू दिलंस तेच."

"मग हे दोनशे नव्वद कुठून आले?"

"मला काय विचारतेस? यंत्राला विचार."

त्यांचं तोंड गोल गरगरीत झालं होतं, गाल लाल. पोट सुटलं होतं, हातपाय मात्र काटक्या. उपाशी माणसाचं तोंड असं होत नाही, हे मला दिसत होतं. ही बाई चोरून खातेय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि एका रविवारी पुरावाच सापडला. चष्मा पुसून द्यावा म्हणून मी त्यांचं चष्म्याचं घर उघडलं. चष्मा नव्हताच. आत मूठभर बेदाणे होते. आमच्या तासगावचे, पिवळेधमक, टपोरे.

मी ते घर तसंच नेऊन जेवायच्या टेबलावर ह्यांच्यासमोर ठेवलं. "बघा. आपण मरायचं हिच्यासाठी आणि ही बघा!" रागात मी नणंदेला अगंतुगं केलं, तेही तिच्या भावासमोर. पण ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. ह्यांचा आवाज मुळातच मोठा. दुकानात तीन गिऱ्हाइकांशी एकदम बोलायची सवय.

"अक्का! काय लहान पोर आहेस काय? पाय जाईल तुझा! लोळागोळा होऊन पडशील, मग कोण करणार?"

वन्सं काठी टेकत दारात आल्या होत्या. उजवं पाऊल फरशीवर घासत होतं.

"राजू, आठवड्याचे आहेत ते. रोज चार."

"चार का असेनात!"

"चार बेदाण्यांनी तीनशे साखर होत असेल तर मग सगळं तासगाव आत्तापर्यंत मेलं असतं," वन्सं म्हणाल्या.

"बघितलंत?" मी म्हणाले. "वर तोंड करून बोलतायत."

त्यानंतर मी त्यांची गादी झटकायला लागले, उशीच्या खोळी तपासायला लागले. सापडत काहीच नव्हतं. सापडत नव्हतं म्हणून मी अधिकच चिडत होते, कारण आकडा खाली येत नव्हता. सकाळी यंत्र, मग आरडाओरडा, मग शाळा. संध्याकाळी ह्यांचा आरडाओरडा. वन्सं एकदा म्हणाल्या, "एक्स्चेंजला असताना कुणी शिव्या दिल्या तर मी लाइन तोडायची. इथे ती सोय नाही." मी हसले नाही.

---

मे महिन्यात डॉक्टर निटव्यांनी शेवटचा उपाय काढला. ऑपरेशनच्या पाच दिवस आधीच भरती व्हायचं, आणि इन्शुलिन देऊन साखर त्यांच्याच नजरेखाली आणायची. मला सुट्टी होती, मी बरोबर राहिले. त्या दवाखान्यात नियम कडक. घरचं जेवण नाही, घरचं औषध नाही, पिशव्या दारातच तपासायचे.

पहिल्या दिवशी साखर दोनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. तिसऱ्या दिवशी एकशे चाळीस. चौथ्या दिवशी सकाळी अठ्ठ्याऐंशी! सिस्टरने घाईघाईने इन्शुलिन थांबवलं आणि मला म्हणाली, "बघा, आली की नाही?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आनंदापेक्षाही, मी जिंकले होते.

"आता काय म्हणता, वन्सं? इथे बेदाणे नाहीत, काही नाहीत, तर चार दिवसांत साखर जागेवर. म्हणजे घरी कोण खात होतं? मी?"

 वन्सं दोन दिवस फारसं बोलतच नव्हत्या. आदल्या दिवसापासून दोनदा उलटी झाली होती. उठून बसवलं की चक्कर यायची. सिस्टर म्हणाली, ऑपरेशनची भीती. मी म्हणाले, उन्हाळा. ब्लडप्रेशर नव्वदला साठ लागलं, तेव्हा सिस्टरने यंत्र बदलून पाहिलं. तेवढंच लागलं.

त्या दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. डॉक्टर मुजावर. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, अंगात पांढरा कोट आणि पायात साध्या रबरी चपला. उद्याच्या पेशंटला आदल्या दिवशी बघून जायचं, एवढंच त्यांचं काम होतं. मी समजले पाच मिनिटांत जातील. त्या स्टूल ओढून बसल्या.

आधी त्यांनी कागद वाचले. मग वन्संचा हात हातात घेतला आणि उलटापालटा करून बघितला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि जागोजागी जांभळे डाग होते.

"हे कधीपासून?"

"जरा लागलं की होतं," वन्सं म्हणाल्या. आवाज खोल गेलेला.

"यांचा एखादा जुना फोटो आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मला तो प्रश्न भलताच वाटला. पण वन्संच्या पर्समध्ये पेन्शनचं कार्ड होतं, ते मी दिलं. कार्डावर लांबुळक्या चेहऱ्याची, गालफडं वर आलेली बाई होती. डॉक्टर मुजावरांनी एकदा कार्ड बघितलं, एकदा कॉटवरचा तो गोल चेहरा बघितला, आणि कार्ड मला परत दिलं.

"बाहेरचं काही चालू आहे का? चूर्ण, काढा, पुडी? दुखण्यावर कुणी काही दिलेलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मी यांना विचारतेय."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. "नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टर मुजावर उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"हे बघा, मी पोलीस नाही. उद्या सकाळी मी यांना झोपवणार. पाच-सहा तासांचं ऑपरेशन आहे, दुसऱ्यांदाचं आहे, रक्त जाणार. माझा अंदाज खरा असेल तर यांचं प्रेशर मध्येच असं खाली जाईल की मी कितीही औषधं दिली तरी वर येणार नाही. तेव्हा मी बाहेर येऊन तुम्हाला विचारलं आणि तुम्ही तेव्हा सांगितलंत, तर त्याचा उपयोग नाही. आत्ता आहे. मी परत विचारते."

खोलीत पंखा फिरत होता.

हे मी तुम्हालाही आत्तापर्यंत सांगितलेलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. डॉक्टर निटव्यांनाही सांगितलं नव्हतं, ते याच कारणाने, की ते मला औषध वाटतच नव्हतं. माझ्या माहेरच्या वहिनीने एका वैद्याचं नाव सांगितलं होतं. जतच्या पलीकडे एका खेड्यात. पहिल्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनीही वन्संची कंबर दुखायची राहिली नव्हती, तेव्हापासून महिन्यातून एक रविवार मी दोन एसट्या बदलून तिथे जायची, रांगेत बसायची आणि साठ पुड्या घेऊन यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक, कोमट पाण्यातून. निव्वळ झाडपाला, असं तो वैद्य म्हणायचा. आणि गुण तर असा, की पहिल्याच आठवड्यात वन्सं उठून अंगणात फिरायला लागल्या होत्या. एरवी मी काही केलं की घर डोक्यावर घ्यायची, पण हे एक काम मी कौतुकाची अपेक्षा न ठेवता करत होते. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ह्यांना असल्या वैद्यांचा तिटकारा. दवाखान्यात पिशवी तपासतात म्हणून पुड्या घरीच ठेवल्या होत्या. चार दिवसांनी काय बिघडतंय?

"एक पुडी असते," मी म्हणाले. "झाडपाल्याची. मी आणते."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"शेवटची कधी दिली?"

"भरती व्हायच्या दिवशी सकाळी."

डॉक्टर मुजावरांनी डोळे मिटले आणि उघडले. मला ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"झाडपाल्याने चेहरा असा होत नाही. त्यात स्टेरॉइड कालवलेलं असणार. दुखणं झटक्यात थांबतं, माणूस खूश होतो. पण साखर चढते. हाडं पोकळ होतात, म्हणून ते स्क्रू सुटले असतील. कातडी पातळ होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं करायचं सोडून देतं. मग अचानक बंद झालं की असं होतं. उलट्या, चक्कर, प्रेशर खाली, साखर खाली." त्या उठल्या. "ही साखर इन्शुलिनने उतरली म्हणून तुम्ही खूश होता ना? निम्मी त्यानेच उतरली असेल. निम्मी, हे माणूसच उतरत चाललं होतं म्हणून."

दहा मिनिटांत सलाइन लागलं, त्यात इंजेक्शन गेलं. रक्त तपासायला नेलं. फाइलवर डॉक्टर मुजावरांनी लाल पेनाने दोन ओळी लिहिल्या. ऑपरेशन तिसऱ्यांदा रद्द झालं, आणि या वेळी मी कुणाशी भांडले नाही.

---

तासाभराने वन्संच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी स्टुलावर बसून होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"शंका होती."

"कधीपासून?"

"जानेवारीत तुझ्या शाळेची तपासणी होती, तुला जायला जमलं नव्हतं. आठ दिवस पुडी नव्हती. अंग शिशासारखं जड झालं, दुखणं दुप्पट झालं. आणि त्याच आठवड्यात लॅबवाल्याने साखर दीडशे सांगितली, आठवतं? तू म्हणालीस, मशीन बिघडलंय. मग पुडी आली आणि साखर परत चढली. एकतीस वर्षं मी हेच करत होते, कुठली लाइन कुठे लागलीय ते बघायचं. मला कळायला किती वेळ लागणार?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खरंच सांगते.

"अहो मग बोलायचं नाही? तीन महिने मी गाद्या झटकतेय! बेदाणे मोजतेय! डॉक्टरांनी दोनदा तोंडावर विचारलं!"

"बोलले असते तर तू आणली असतीस का?"

"नसती आणली!"

"म्हणूनच." त्यांनी डोळे मिटले. "तुला ते दुखणं माहीत नाही, विजया. पुडी घेतली की चार तास मी माणूस असायची. साखर काय, दिसत नाही. पाय काय, हळूहळू जातो. दुखणं तर आत्ता असतं. म्हटलं, ओरडू दे हिला बेदाण्यांवरून. बेदाण्यांवरून ओरडली तर पुडी तरी चालू राहील."

संताप येत होता, पण तो ठेवायला जागाच सापडत नव्हती. त्यांच्यावर काढावा तर पुड्या मी आणलेल्या. माझ्यावर काढावा तर समोर ही बाई सगळं जाणून गिळत बसलेली.

तेवढ्यात हे आले. दुकान बंद करून, घामाने भिजलेले, दारातूनच आवाज.

"परत रद्द? आता काय झालं? साखर तर खाली आली म्हणालीस फोनवर!"

मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते माझ्या जिभेवर होतं, शप्पथ. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि ते शब्द जिभेवरच बसून राहिले.

"राजू, माझीच चूक," वन्सं कॉटवरून म्हणाल्या. "मी एक पुडी घेत होते दुखण्याची. एक्स्चेंजमधली मैत्रीण आणून द्यायची. त्यात स्टेरॉइड निघालं."

हे सुरूच झाले. अक्का, तुला लाज नाही, अक्का, तू शिकलेली बाई, विजया तुझ्यासाठी मरमर मरतेय आणि तू आमच्या डोळ्यांत धूळ फेकतेस. पलीकडच्या कॉटवरची माणसं बघायला लागली. वन्सं ऐकत होत्या. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी थर्मास उघडला, कपात चहा ओतला आणि तो ह्यांच्या हातात दिला. त्या दुपारी मी केलं ते एवढंच.

---

पुढचे चार महिने पुडीतलं ते औषध गोळीच्या रूपाने, मोजून, डॉक्टरांच्या हाताने कमी कमी करत नेलं. हाडांसाठी रोज पोटात एक बारीक इंजेक्शन, ते मी द्यायला शिकले. साखर एका गोळीवर राहिली. बेदाणे मी स्वतः वाटीत घालून द्यायला लागले, रोज चार. दुखणं मात्र भयंकर होतं. भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहायच्या आणि मला म्हणायच्या, "तू बाहेर जा."

मी एकदा त्या वैद्याकडे जाऊन आले. रांगेत तीस-चाळीस बायका बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. साखर, हाडं, स्क्रू, सगळं. एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या पेशंटनं पथ्य पाळलं नसंल." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी उठलं नाही. मी बसस्टँडवर येऊन एकटीच मोठमोठ्याने बोलत बसले होते, असं नंतर कंडक्टर म्हणाला.

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. सहा तास. जुने स्क्रू काढले, जाड नवे बसवले, हाडात सिमेंटसारखं काही भरलं. डॉक्टर मुजावर आतून बाहेर आल्या तेव्हा मला बघून फक्त अंगठा वर केला. जखम पिकली नाही, हाडाने स्क्रू धरले. कंबरदुखी बरीच कमी झाली. पाय मात्र पूर्ण आला नाही. उजवं पाऊल आजही खाली झुकतं, बुटात प्लास्टिकची पट्टी घालून त्या चालतात.

मी डॉक्टर निटव्यांना विचारलं होतं, मार्चमध्ये झालं असतं तर पाय वाचला असता का.

"पाय कदाचित वाचला असता," ते म्हणाले. "बाई वाचल्या असत्या की नाही, सांगता येत नाही."

अकरा वर्षं गेली. घरात ही गोष्ट ह्यांची झाली. लग्नकार्यात, पाहुण्यांत, कुणी गुडघेदुखीचं नाव काढलं की ह्यांचा आवाज चढायचा. "आमच्या अक्काचं ऐका! चोरून पुड्या खायची. ही बिचारी विजया बेदाणे मोजतेय आणि अक्का आमची..." लोक हसायचे. वन्संही हसायच्या. मी आत जायची. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी वाटायचं, इतक्या वर्षांनी कशाला? त्याही कधी बोलल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात रोज उठत-बसत होतो आणि त्या गोष्टीभोवतून चालत होतो.

मग आमच्या मुलीच्या, शिवलीलाच्या, सासरचे लोक पहिल्यांदा जेवायला आले. जेवणं झाली, पानसुपारी झाली. विहीणबाईंनी कंबर दुखते म्हटलं आणि ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. तीच गोष्ट. पण या वेळी शेवटी ह्यांनी नवं काहीतरी जोडलं. "तेव्हापासून अक्काच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवत नाही बघा!"

सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत. बहात्तर वर्षांची ती बाई काठी शोधायला लागली. काठी खुर्चीमागे पडली होती आणि त्यांना ती दिसत नव्हती. त्यांना नुसतं तिथून उठायचं होतं.

"पुड्या मी आणायची," मी म्हणाले.

हसणं थांबायला जरा वेळ लागला.

"मैत्रीणबित्रीण कुणी नव्हती. जतच्या वैद्याकडून मी आणायची, मी द्यायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले तीही मीच. वन्संनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. अकरा वर्षं."

विहीणबाईंनी पदर सारखा केला. शिवलीला माझ्याकडे बघतच राहिली. ह्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. हे मी संसारात पहिल्यांदाच बघितलं. पाहुणे पंधरा मिनिटांत निघाले. त्यांना पोचवून हे परत आले, आणि माझ्याकडे नाही, बहिणीकडे गेले.

"खरं आहे हे?"

"हं."

"मग इतकी वर्षं मी बोलतोय, तू गप्प का बसलीस?"

"तू विचारलंस कधी?" वन्सं म्हणाल्या. "तू ओरडलास. ही पण ओरडली. एवढ्या सगळ्यांत ठाण मांडून मला विचारलं ते त्या मुजावरबाईंनी. त्यांना पण मी खोटंच सांगितलं, ते सोड."

ह्यांनी खुर्चीमागची काठी उचलली. वन्संना दिली नाही, स्वतःच्याच हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, आता माझी पाळी. मी पदर खोचून तयार होते, अकरा वर्षांचं एकदम ऐकून घ्यायला. पण हे माझ्याकडे वळलेच नाहीत. वन्संच्या शेजारी खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या उजव्या पावलाकडे बघत, मी कधी ऐकला नव्हता इतक्या लहान आवाजात म्हणाले, "अक्का, अजून दुखतं का गं?"

"दुखतं," वन्सं म्हणाल्या. "नीट बस. सांगते."